वॉल्व्हच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि ताप आला, तर काय करायचं?

माझ्या हृदयातल्या मायट्रल वॉल्व्हचं (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं) ऑपरेशन मे महिन्यात ठरलं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी कणकण यायला लागली. नागपुरात एप्रिलमध्ये कुणाला ताप आला, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ऊन लागलं." सासूबाईंनी कैरीचं पन्हं केलं, रात्री तळपायांना कांदा चोळला. दोन दिवसांनी जवळच्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, विडाल ही टायफॉइडची तपासणी थोडी वर निघाली आणि टायफॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप उतरला. गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी परत आला. मग दुसऱ्या गोळ्या, मग तिसऱ्या. यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत माझ्या वॉल्व्हवर जंतूंनी घर केलं होतं.

एक दिवस वर्षाचा गहू निवडत बसले होते. उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकाला, दाणा दाबला की कळ यायची. बघितलं तर पेरावर लालसर, वाटाण्याहून लहान अशी दुखरी गाठ. नेलपॉलिश काढलं तर दोन नखांखाली तांबूस-काळ्या उभ्या रेघा, पेन्सिलीने ओढाव्या तशा. काहीतरी टोचलं असेल असं वाटलं. वॉल्व्हसाठी ज्यांना दाखवत होते त्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडमना ह्यांनी सहज फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कल्चर केलं का?" आम्हाला तो शब्दही माहीत नव्हता.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या वॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं असेल, तर हा लेख आजच वाचून ठेवा. ताप आल्यावर वाचायला वेळ मिळत नाही.

आधी आजाराबद्दल थोडंसं

या आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेकदा वॉल्व्हलाच, जंतुसंसर्ग होतो. दात घासताना हिरडीतून रक्त आलं, तर तोंडातले थोडे जंतू रक्तात जातातच. धडधाकट माणसाचं शरीर ते लगेच निपटून टाकतं. पण लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेला वॉल्व्ह, जन्मतः तीनऐवजी दोन पाकळ्यांचा असलेला महाधमनीचा वॉल्व्ह किंवा आधीच बसवलेला कृत्रिम वॉल्व्ह यांच्यावर त्यांना चिकटायला जागा मिळते. तिथे जंतू, रक्तातल्या प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठताना होणारे धागे) यांचा गोळा तयार होतो. त्याला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. हा गोळा वॉल्व्ह कुरतडतो आणि त्याचा तुकडा सुटला तर मेंदू, प्लीहा, किडनी, पाय, कुठेही जाऊन रक्तवाहिनी बंद करू शकतो. जंतू त्याच्या आत दडून बसलेले असल्यामुळे साध्या औषधाचा चार दिवसांचा डोस त्यांना पुरत नाही. वरवरचा ताप दबतो, मूळ तसंच राहतं.

पायरी १. आधी कल्चर, मग अँटिबायोटिक

वॉल्व्हच्या माणसाला ताप आला आणि सर्दी, लघवीची जळजळ, जखम असं सरळ कारण दिसत नसेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधी ब्लड कल्चर व्हायला हवं, म्हणजे रक्त खास बाटलीत ठेवून त्यात कोणते जंतू वाढतात ते बघायला हवं. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्यांनीही रक्तातले जंतू इतके कमी होतात की बाटलीत काही वाढत नाही. मग आजार आहे, पण जंतू कोणता ते कळत नाही, आणि डॉक्टरांना अंदाजाने जास्त कडक औषधं द्यावी लागतात. माझं पहिलं कल्चर असंच कोरं आलं.

कल्चरला जाताना हे माहीत असू द्या:

– एकदा रक्त घेऊन भागत नाही. निदान तीन वेळा, वेगवेगळ्या शिरांतून घेतात. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत किमान तासाभराचं अंतर ठेवतात. प्रत्येक वेळी साधारण दोन बाटल्या भरतात आणि एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त जातं. "एवढं रक्त कशाला?" असं वाटलं तरी देऊ द्या. रक्त कमी पडलं तर जंतू सापडायची शक्यता कमी होते.

– थंडी वाजून ताप चढेपर्यंत थांबायची गरज नाही. या आजारात जंतू रक्तात सतत असतात.

– कातडी नीट पुसून, पुसलेलं औषध वाळू देऊनच सुई टोचायला हवी. घाई झाली तर कातडीवरचे जंतू बाटलीत जातात आणि रिपोर्ट गोंधळाचा येतो. सगळ्या बाटल्यांपैकी एकाच बाटलीत काही वाढलं, तर डॉक्टर त्याकडे याच शंकेने बघतात.

– बाटल्या निदान पाच दिवस ठेवतात. दुसऱ्या दिवशी "काही नाही" म्हणाले तर तो अंतिम रिपोर्ट नव्हे. अंतिम रिपोर्टचा कागद मागून घ्या, त्यातलं कोणतं औषध लागू पडतं त्याचं पान धरून.

गोळ्या आधीच सुरू झाल्या असतील तर लपवू नका. नाव, डोस, पहिली आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. माझी तब्येत स्थिर होती म्हणून मॅडमनी गोळ्या बंद करायला लावल्या, काही दिवस थांबल्या आणि परत कल्चर घेतलं. तिसऱ्या दिवशी तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकोकस निघाला. हा निर्णय त्यांचा होता. आपल्या मनाने गोळ्या बंद करून घरी वाट बघत बसणं धोक्याचं आहे.

आणि विडाल. आपल्याकडे ही तपासणी अनेकदा खोटीच वर येते. विडालवरून टायफॉइड ठरवणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून सांगा, "डॉक्टर, माझा वॉल्व्ह खराब आहे, आधी कल्चर करू." पावसाळ्यात आणि नंतर इकडे डेंगू, मलेरिया, स्क्रब टायफस हेही असतात, त्यांच्या तपासण्या होऊ द्या, पण कल्चर त्यांच्यासोबत व्हावं, त्यांच्यानंतर नाही.

पायरी २. इको, आणि घशातून करायचा इको

छातीवरून केलेल्या साध्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हेजिटेशन कधी दिसतं, कधी नाही. नाही दिसलं आणि शंका उरली तर टीईई करतात: बारीक नळी घशातून अन्ननलिकेत सोडून मागच्या बाजूने हृदय बघतात. मला याची फार भीती वाटली होती, म्हणून सविस्तर सांगते.

आधी साधारण सहा तास पोट रिकामं ठेवायला लावतात. हलणारा दात, कवळी, गिळायचा त्रास असेल तर आधीच सांगा. घशात कडू फवारा मारतात, जीभ जाड झाल्यासारखी वाटते, थुंकी गिळली की नाही तेच कळत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत एक कडं धरायला देतात, गुंगीचं औषध देतात. नळी जाताना उमासा येतो. तेव्हा नाकाने सावकाश श्वास घ्या आणि "गिळा" म्हणाले की गिळा. माझं वीसेक मिनिटांत झालं. घशाची बधिरता जाईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. त्या दिवशी सोबत कुणीतरी असू द्या, गाडी चालवत परतू नका.

माझं व्हेजिटेशन ८ मिलिमीटरचं निघालं. हा आकडा लिहून ठेवा, पुढच्या निर्णयात त्याला महत्त्व आहे.

पायरी ३. कुठे जायचं

हृदयरोगतज्ज्ञ, हृदयाचे सर्जन आणि चांगली मायक्रोबायोलॉजी लॅब या तिन्ही गोष्टी एका छताखाली असतील असं ठिकाण निवडा. नागपुरात मेडिकलशी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी) जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत खाजगी हॉस्पिटलांची रांगच आहे. गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गावच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं तर चिठ्ठीत आतापर्यंतच्या अँटिबायोटिकचं नाव आणि तारखा लिहून घ्या. नुसतं "रेफर टू हायर सेंटर" लिहिलेल्या कागदाचा इथे काही उपयोग होत नाही.

पायरी ४. फाईल

प्लास्टिकच्या कप्प्यांची एक फाईल घ्या आणि ती रुग्णासोबत फिरू द्या. माझ्या फाईलचा क्रम असा होता:

– पहिलं पान हाताने लिहिलेलं: नाव, वय, रक्तगट, कोणता वॉल्व्ह, काय बिघाड, कोणत्या औषधाची ॲलर्जी, सध्याच्या गोळ्या.
– तापाची वही (खाली सांगते).
– आतापर्यंतचे सगळे इको, जुन्यापासून नव्यापर्यंत.
– कल्चरचे सगळे रिपोर्ट, कोरे आलेलेसुद्धा.
– क्रिएटिनिन (किडनीसाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज) यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे.
– ईसीजी. झेरॉक्ससुद्धा काढून ठेवा, कारण त्या गुलाबी कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.
– डिस्चार्ज कार्डं.
– आधार, शिधापत्रिका, आयुष्मान कार्ड, प्रत्येकी चार झेरॉक्स आणि फोटो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता एकत्र चालतात आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती झाल्याच्या दिवशीच त्यांच्याकडे जा. ऑपरेशन आणि त्याआधीचे अँटिबायोटिकचे आठवडे, दोन्हींची मंजुरी कशी मिळेल हे तेव्हाच विचारा, कारण बहुतेक नातेवाईक फक्त ऑपरेशनचं विचारतात आणि औषधांचं बिल बघून नंतर गांगरतात. शिधापत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल (लग्नानंतरचं नाव, आडनावाचं स्पेलिंग) तर ते आजच दुरुस्त करायला टाका. माझ्या भावाचे त्यात चार दिवस गेले. योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्ज असतो. त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून आधी तो.

पायरी ५. अँटिबायोटिकचे आठवडे

शिरेतून औषध, साधारण ४ ते ६ आठवडे. कृत्रिम वॉल्व्हला संसर्ग असेल तर ६ किंवा जास्त. माझा जंतू पेनिसिलिनला दबणारा होता, म्हणून सेफ्ट्रायाक्झोन रोज एकदा, २ ग्रॅम, चार आठवडे. तुमचं औषध तुमच्या जंतूप्रमाणे ठरेल.

दिवस मोजायचे ते पहिल्या इंजेक्शनपासून नाही. कल्चर ज्या दिवशी पहिल्यांदा कोरं आलं, तिथपासून. म्हणूनच औषध सुरू झाल्यावरही एक-दोन दिवसांनी परत परत रक्त घेतात. आमच्या वॉर्डात एका काकूंच्या मुलाने यावरून सिस्टरशी भांडण केलं होतं, "बिल वाढवायला रक्त काढता" म्हणून. त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

जेन्टामायसिन असेल तर किडनी आणि कान सांभाळायचे. कानात गुणगुण, चालताना तोल जाणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी सांगा. व्हँकोमायसिन सावकाश, तासाभरात किंवा जास्त वेळात जायला हवं. भराभर गेलं तर तोंड-मान लाल होऊन खाज सुटते. कुणी घाईत सलाईनचा वेग वाढवला तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. या दोन्ही औषधांत क्रिएटिनिन ठरावीक दिवसांनी तपासावं लागतं आणि व्हँकोमायसिनची रक्तातली पातळीही बघतात.

रोजचा ईसीजी कंटाळवाणा वाटतो, पण टाळू नका. महाधमनीच्या वॉल्व्हजवळ पू झाला तर हृदयाच्या विजेच्या वाटेत अडथळा येतो आणि तो कधी कधी सर्वांत आधी ईसीजीतच दिसतो.

तापाच्या वहीत मी चार रकाने केले होते: वेळ, ताप, गोळी दिली का, सकाळचं वजन. बाहेरून उन्हातून आल्यावर किंवा गार पाणी प्यायल्यावर लगेच तोंडात थर्मामीटर घालू नका, अर्धा तास थांबा. वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर मांस चढलेलं नसतं, पाणी साचलेलं असतं. डॉक्टरांना कळवा.

पायरी ६. उन्हाळा आणि पाणी

हे मला कुठेही लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून वेगळं सांगते. नागपूरचा पारा ४५ च्या घरात आणि डॉक्टर म्हणतात दिवसाला दीड लिटरच पाणी. वरून लघवीची गोळी. घसा वाळून जातो. येणारा प्रत्येक जण प्रेमाने काहीतरी पाजायला बघतो: ताक, पन्हं, ओआरएस. ताकात मीठ असतं, पन्ह्यात घालतात, ओआरएसमध्ये तर असतंच. वॉल्व्ह गळत असताना मीठ म्हणजे फुफ्फुसात पाणी. म्हणून ओआरएस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मी काय केलं: सकाळी दीड लिटर मोजून बाटल्यांत भरून ठेवायचे, चहा, वरण, औषधाचं पाणी सगळं त्यातूनच धरायचं. लहान वाटीने प्यायचं. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून थुंकायचं. ओला रुमाल मानेवर. लोणचं, पापड, शेव पूर्ण बंद. उलट बाजूही आहे: घाम फार गेला, उठताना डोळ्यापुढे अंधारी आली, वजन भराभर उतरलं, तर लघवीच्या गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. तेही फोन करून विचारा.

पायरी ७. पिक लाइन घेऊन घरी

पहिले दोन आठवडे हॉस्पिटलात काढणंच बरं, कारण गोळा सुटून कुठे जाण्याचा धोका याच काळात जास्त असतो आणि औषध लागू पडत गेलं तसा कमी होतो. नंतर तब्येत स्थिर असेल तर काहींना घरून रोज येऊन इंजेक्शन घ्यायची परवानगी मिळते. मला मिळाली. दंडातून पिक लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) टाकली होती, म्हणजे रोज नवी सुई नको.

ड्रेसिंग पारदर्शक असतं, आठवड्यातून एकदा बदलतात; पण सुटलं, ओलं झालं, आत रक्त दिसलं तर तेव्हाच्या तेव्हा. मे महिन्यात सकाळी अकराला भावाच्या स्कूटरवर मागे बसून निघायचे. चौथ्या दिवशी घामाने ड्रेसिंगचा एक कोपरा सुटला. वहिनी घरातली चिकटपट्टी घेऊन आली, मी हात मागे घेतला. घरची पट्टी लावायची नाही. तसंच स्वच्छ गॉजने झाकून सिस्टरकडे गेलो आणि नवीन करून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातची वेळ मागून घेतली. तुम्हीही मागा, देतात.

लाइनला हात लावणाऱ्याने आधी हात धुवायचे, टोपण स्पिरिटने घासायचं आणि वाळू द्यायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. आंघोळीला दंड कोरडा. दंड सुजला, लाल झाला, इंजेक्शननंतर हुडहुडी भरली, तर थेट हॉस्पिटल. संसर्ग बरा करायला टाकलेल्या नळीतूनच दुसरा संसर्ग जाऊ शकतो.

घशाखाली घेण्याच्या गोळ्यांवर येता येईल का, असं विचारायला हरकत नाही. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या पोएट नावाच्या अभ्यासात, तब्येत स्थिर झालेल्यांना नंतरचे दिवस गोळ्यांवर ठेवलं तरी निकाल कमी पडले नाहीत. पण तिथे रुग्ण निवडून, ठरलेल्या दोन औषधांच्या जोड्या देऊन, नीट लक्ष ठेवून हे केलं होतं. मेडिकल स्टोअरमधून आपणच गोळी बदलणं म्हणजे ते नव्हे.

पायरी ८. दात

माझ्या बाबतीत जंतू आला तो किडलेल्या दाढेतून. दोन वर्षं ती दाढ अधूनमधून ठणकायची आणि मी लवंग ठेवून वेळ मारून न्यायचे.

नवा वॉल्व्ह बसवायच्या आधी तोंड स्वच्छ हवं. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, वाचणारे दात वाचवतात, बाकीचे काढतात. हे अँटिबायोटिक सुरू असतानाच, हृदयाच्या डॉक्टरांनी दिवस ठरवून दिल्यावर करायचं. मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे परवडतं. दंतवैद्यांना पहिल्याच वाक्यात वॉल्व्ह आणि एंडोकार्डायटिस सांगा. खर्रा, नस (तपकीर), गुडाखू यांपैकी काही असेल तर आजपासून बंद; हिरड्या सोललेल्या राहिल्या तर जंतूंना दार उघडंच आहे.

इथे एक मोठा गैरसमज आहे. लहानपणापासून संधिवाताच्या तापासाठी दर २१ दिवसांनी पेनिड्युर घेणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांना वाटतं, "मी पेनिसिलिन घेतेच आहे, मला काही होणार नाही." मलाही हेच वाटायचं. पेनिड्युर संधिवाताचा ताप परत येऊ नये म्हणून असतं. त्याने एंडोकार्डायटिस टळत नाही.

पायरी ९. रक्त पातळ करायच्या गोळ्या

ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन आधीपासून सुरू असेल तर मनाने थांबवू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. भरती होताना पहिल्यांदा हेच सांगा. मेंदूत रक्तस्रावाचा धोका बघून डॉक्टर कधी थांबवतात, कधी हेपरिन या इंजेक्शनवर नेतात. अँटिबायोटिकने आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) वर-खाली होतो, म्हणून तपासणी एरवीपेक्षा लवकर लवकर. गोळा सुटू नये म्हणून आपणच ॲस्पिरिन सुरू करणं चूक आहे. आणि ज्याचं रक्त पातळ आहे त्याला कमरेत सुई नको. गावाकडे तापाला ती हमखास देतात.

पायरी १०. या खुणा दिसल्या की १०८

– तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं
– आडवं झालं की दम लागणं, उशा रचून बसावं लागणं, गुलाबी फेस येणारा खोकला
– डाव्या बरगडीखाली अचानक कळ, लघवीत रक्त
– एखादा पाय थंड, पांढरा पडून ठणकणं
– चक्कर येऊन पडणं, नाडी फार मंद होणं

अर्धांगाची लक्षणं दिसली तर कॅज्युअल्टीत शिरताच सांगा, "एंडोकार्डायटिस आहे." एरवी अर्धांगाला रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. या आजारात त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते टाळतात. ही एक ओळ घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी, कारण तेव्हा रुग्ण बोलू शकेलच असं नाही.

पायरी ११. ऑपरेशन आता की नंतर

आधी ठरलेली तारीख हातातून गेली म्हणून मी रडले होते. पण तारीख नेहमी पुढेच जाते असं नाही, कधी ती अलीकडे येते. दम आटोक्यात येत नसेल, औषध देऊनही कल्चरमध्ये जंतू निघत राहिले, वॉल्व्हजवळ पू झाला, बुरशीचा संसर्ग असेल, किंवा गोळा १० मिलिमीटरपेक्षा मोठा असून तुकडे सुटत असतील, तर अँटिबायोटिक पूर्ण व्हायची वाट न बघता ऑपरेशन करतात. तेव्हा "आधी इन्फेक्शन तर बरं होऊ द्या" म्हणून नातेवाईकांनी अडून बसू नये. उलट माझ्यासारखं सगळं शांत होत गेलं, तर कोर्स संपवून, परत कल्चर कोरं आलं की करतात.

सर्जनना विचारायचे प्रश्न लिहून न्या. मी हे नेले होते: मेंदूचा सीटी किंवा एमआरआय करायचा का? हृदयाच्या रक्तवाहिन्या अँजिओग्राफीने बघणार की सीटीने? वॉल्व्ह दुरुस्त होईल की बदलावा लागेल? धातूचा की जैविक?

धातूचा टिकतो, पण ॲसिट्रॉम आणि आयएनआर जन्मभर. जैविकाला बहुधा तेवढं लागत नाही, पण तो काही वर्षांनी झिजतो आणि तरुण वयात लवकर झिजतो. अजून मूल हवं असलेल्या बाईने हा विषय स्वतःहून काढावा, कारण या गोळ्यांचा गर्भावर परिणाम होतो. मी धातूचा निवडला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला भारतीय वॉल्व्हही १९९० पासून वापरात आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर त्याबद्दल विचारा.

रक्तदाते आधी ठरवा. ह्यांच्या ऑफिसातल्या चौघांनी नावं दिली होती, त्यातले दोघे ऐनवेळी सर्दी-तापाने बाद झाले. सहा-सात नावं हाताशी असू द्या.

पायरी १२. ऑपरेशननंतर लगेच

काढलेला वॉल्व्ह कल्चरला जातो. तो रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि डिस्चार्जच्या गडबडीत मागे राहतो. तो मागा. त्यात जंतू वाढले तर अँटिबायोटिकचे दिवस ऑपरेशनच्या दिवसापासून नव्याने मोजतात. नाही वाढले तर राहिलेले दिवस पूर्ण करतात.

एकदा एंडोकार्डायटिस झालेल्याला तो परत व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, कृत्रिम वॉल्व्हवाल्यालाही. म्हणून यापुढे दात काढणं, हिरडीची साफसफाई अशा कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. कोणता, ते हृदयाचे डॉक्टर लिहून देतील. तो कागद दंतवैद्याकडे नेण्यापुरता न ठेवता एक कार्ड करून घ्या. माझ्या कार्डावर हे लिहिलं आहे:

"मायट्रल वॉल्व्ह बदललेला आहे, धातूचा. एंडोकार्डायटिस होऊन गेला आहे. ताप असल्यास अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्यावे. ॲसिट्रॉम सुरू आहे, कमरेत इंजेक्शन देऊ नये. दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागते."

खाली ह्यांचा आणि मॅडमचा नंबर. एक प्रत माझ्या पर्समध्ये, एक ह्यांच्या पाकिटात, आणि एक सासूबाईंनी देवघराच्या बाजूच्या भिंतीवर स्वतः चिकटवली आहे.